बाबांचा रेडिओ हाताला चिकटतोय! रबराचा चिकटपणा कसा घालवायचा?

दुपारचा_चहा | रविवार, सकाळी ११.१०

मंडळी, मदत हवी आहे.

बाबांकडे एक छोटा ट्रान्झिस्टर आहे. २००२ मध्ये माझ्या पहिल्या पगारातून घेतलेला. काळा, हाताला मखमलीसारखा लागणारा. तेव्हा त्या स्पर्शाचंच केवढं कौतुक होतं. मधे दुसरा रेडिओ आणला म्हणून हा चार पावसाळे पोटमाळ्यावर पडून होता. परवा दुसऱ्याने मान टाकली आणि याला खाली काढलं.

आवाज ठणठणीत. सेल घातले आणि ५५८ वर अस्मिता वाहिनी लगेच लागली. पण अंग? गुळाच्या ढेपेला हात लावावा तसं. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता, तो कागद चिकटून बसलाय. सोलून काढला तर पाठीवर 'वधू पाहिजे'च्या जाहिराती उलट्या उमटल्यात. आरशासमोर धरलं की वाचता येतात. बाबांनी एक मोठ्याने वाचूनही दाखवली.

आतापर्यंतचे प्रयोग: ओलं फडकं (शून्य फरक), भांड्यांचा साबण (फडक्याचे धागे चिकटले, रेडिओला आता लव आली आहे), खोबरेल तेल (शेजारच्या काकूंचा सल्ला, पाच मिनिटं बरं वाटलं, मग पहिल्यापेक्षा वाईट).

ही घाण आहे की रेडिओच वितळतोय? आम्ही माहीमला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर राहतो. खाऱ्या हवेचा काही संबंध असेल का? फेकायचा नाही, हे आधीच सांगते.


कांदेपोहे_२० | रविवार, सकाळी ११.२४

टाल्कम पावडर चोळा. माझ्या ट्रिमरला लावतो. एकदम मस्त.


विरार_स्लो | रविवार, सकाळी ११.३१

पावडर लावून किती दिवस टिकतं ते पण सांगा की राव. माझ्या दुर्बिणीला लावली होती. आठवड्याने पावडर आणि चिकटा मिळून कणकेसारखं झालं.


कांदेपोहे_२० | रविवार, सकाळी ११.३३

रोज लावतो 😀


सोल्डरवाला_काका | रविवार, दुपारी १२.४०

ताई, काही घासू नका. आधी वाचा.

मी तीस वर्षं रिपेअरच्या बेंचवर काढली, बरीचशी लॅमिंग्टन रोडच्या आसपास. चिकट झालेला माल आला की आमच्याकडे पहिला प्रश्न एकच असायचा: चिकटलंय ते कातडं आहे की मांस? म्हणजे खाली कडक प्लास्टिक आहे आणि वर रबरासारखा पातळ थर मारलाय, की तो भाग सगळाच रबराचा आहे? दोन्हींचा इलाज वेगळा. लोक इथेच चुकतात.

तुमच्या वर्णनावरून हे कातडंच वाटतंय. 'मखमलीसारखा' म्हणालात, तिथेच कळलं. नव्वदच्या दशकापासून कंपन्यांनी साध्या प्लास्टिकवर हा मऊ रंग मारायला सुरुवात केली. हातात धरलं की महाग वाटतं, शिवाय साच्याच्या रेघा झाकल्या जातात. रेडिओ, माउस, लॅपटॉपची झाकणं, कॅमेरे, दुर्बिणी, ट्रिमर, सगळ्यांवर हाच. गाड्यांतसुद्धा. फेरारीच्या त्या काळातल्या गाड्यांच्या आतली बटणं अशीच चिकट होतात आणि ती साफ करून देणारे लोक त्यावर पोट भरतात. म्हणजे तुमचा रेडिओ चांगल्या संगतीत आहे.

खात्री करायची असेल तर सेलचं झाकण काढा. त्याच्या आतल्या कडेला, जिथे दिसणार नाही तिथे, आयपीएमध्ये भिजवलेला इअरबड दहा-बारा वेळा फिरवा. कापूस काळा झाला आणि खाली गुळगुळीत कडक प्लास्टिक दिसलं, तर कातडं. बिनधास्त काढा. कापूस काळा होतोय, पण खाली नखाने दाबलं तर अजून खड्डाच पडतोय, तर मांस. तिथे थांबा आणि इथे येऊन विचारा.

आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल रिपेअरवाल्याकडे बाटली असतेच. लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळेल, प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडेही.

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही लावायचं नाही. का ते संध्याकाळी सांगतो, आत्ता जेवायला बोलावतायत.


तिसरा_मजला | रविवार, दुपारी १.०५

का ते मी सांगते, काकांना निवांत जेवू द्या.

मिक्सरच्या मुठीवरचा असाच थर चिकट झाला होता. नेलपॉलिश रिमूव्हर लावलं. चिकटपणा दोन मिनिटांत गेला. त्याच्याबरोबर मुठीची चकाकी, कंपनीचं नाव आणि थोडीशी मूठही गेली. आता ती पांढरट, खरबरीत, कुणीतरी चावल्यासारखी दिसते. सासूबाई अजून विचारतात, 'हे काय झालं गं?' मी अजून सांगितलेलं नाही.


प्रयोगवही | रविवार, दुपारी २.१५

रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅसिटोन असतं आणि अशा वस्तूंचं कवच बहुधा एबीएस प्लास्टिकचं. अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस चक्क विरघळतं. पॉलिकार्बोनेट विरघळलं नाही तरी त्याला बारीक तडे जातात. त्यामुळे काकांना अनुमोदन.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचा मोह होतोय. घाण नाही, खरंच वितळतंय. पण उष्णतेने नाही, पाण्याने.

हा थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हे बहुवारिक १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. यात लांबलांब साखळ्या असतात आणि त्याच्या एका स्वस्त, लोकप्रिय प्रकारात त्या साखळ्यांमध्ये एस्टरचे दुवे असतात. एस्टर म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांनी पाण्याचा रेणू बाहेर टाकून धरलेला हात. पाणी परत मिळालं की तो हात सुटू शकतो. तेलातले असेच दुवे कॉस्टिक घालून तोडले की साबण होतो. तिथे तासाभराचं काम, इथे हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षं चाललेलं.

खरी गंमत पुढे आहे. एक दुवा तुटला की एक आम्ल मोकळं होतं, आणि ते आम्ल शेजारचा दुवा तुटायला मदत करतं. म्हणून पंधरा वर्षं वस्तू छान दिसते आणि मग दोन पावसाळ्यांत चिखल होतो. लांब साखळ्यांचे तुकडे झाले की रबराचा चिवटपणा जातो आणि उरतो तो काकवीसारखा द्रव. तो पुसून सुकत नाही, कारण तो ओला नाहीच. साखळ्याच तुटल्यात, साबण काय जोडणार?

खाऱ्या हवेचं विचारलंत. मीठ इथे मुख्य आरोपी नाही, ते धातूंच्या मुळावर येतं. इथला आरोपी दमटपणा. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते, आणि पोटमाळ्यावर वर गरमी. दोन्ही मिळाले की कामच झालं. शिवाय हाताचा घाम, तेल, क्रीम. डीट असलेलं डासांचं मलम लावून अशा वस्तू हाताळू नका, ते प्लास्टिक आणि असले रंग मऊ पाडतं. खोबरेल तेलाचंही तेच. थर तेल पितो आणि आणखी फुगतो.

कपाटात जपून ठेवलेल्या लग्नातल्या बुटांचा तळ एके दिवशी भुसा होऊन पडतो ना? तोही पॉलियुरेथेनच. नवरदेवाची काही चूक नसते.


विरार_स्लो | रविवार, दुपारी २.४०

बुटांचं अगदी खरं! भावाच्या लग्नात दहा वर्षांपूर्वीचे बूट घातले, हॉलच्या पायऱ्यांवर तळवा मागे राहिला आणि मी पुढे.


सातासमुद्रापार | रविवार, दुपारी ३.२०

प्रयोगवही, तुमच्या म्हणण्याला माझ्याकडे जिवंत पुरावा आहे. २००३ मध्ये एकसारख्या दोन दुर्बिणी घेतल्या होत्या, एक माझी, एक दादरला आईबाबांसाठी. मी डेन्व्हरला राहतो. इथली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. माझी दुर्बीण अजून नव्यासारखी आहे. दादरची गेल्या दिवाळीला हातात घेतली आणि हाताला तिचं अंग लागलं. एकच कंपनी, एकच दुकान, एकच दिवस.


अर्धी_रिळ | रविवार, दुपारी ४.००

कॅमेरेवाल्यांना हे दुखणं जुनं आहे. निकॉनचा १९९२ चा एफ-९० त्याच्या मागच्या दाराच्या चिकटपणासाठी जगभर ओळखला जातो. सेकंडहँड घेताना लोक आधी दार पुसलंय का ते विचारतात, मग शटर.

त्याहून वाईट म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या दाराच्या खाचेतला काळा फोम. प्रकाश आत जाऊ नये म्हणून लावलेला असतो. तो विरघळून डांबर होतो आणि शटरच्या पडद्यावर ओघळला तर खेळ खलास. तो काढताना कॅमेरा उलटा धरायचा, म्हणजे कण आत न पडता खाली पडतात. टूथपिकच्या टोकाला कापूस, किंचित आयपीए आणि भरपूर सबुरी. मी एका कॅमेऱ्याला दोन संध्याकाळी देतो. नवीन फोमऐवजी काळी लोकर खाचेत चिकटवली तरी चालते. फोर्टात एका जुन्या कारागिराने शिकवलेलं. लोकर कधी वितळत नाही.


रोखठोक_भाऊ | रविवार, संध्याकाळी ५.१०

एवढा खटाटोप कशाला? नवीन रेडिओ घ्या की. जुनं कवटाळून बसायची आपल्या लोकांना सवयच आहे.


दुपारचा_चहा | रविवार, संध्याकाळी ५.१८

'फेकायचा नाही' हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. शेवटची ओळ.


सोल्डरवाला_काका | रविवार, संध्याकाळी ६.३०

प्रयोगवही ताईंनी छान सांगितलं. आम्हाला बेंचवर एवढंच ठाऊक होतं की पावसाळ्यानंतर असा माल वाढतो.

आता कृती.

सेल काढा. मागचे स्क्रू निघत असतील तर कवच सुटं करा. नसतील निघत तर स्पीकरच्या जाळीवर आणि बटणांच्या फटींवर कागदी टेप लावा. पातळ द्रव फटीतून आत गेला की तुम्ही चिकटपणा बाहेरून आत पाठवलात. हातात मोजे घाला. तो काळा चिकटा नखात बसला की चार दिवस निघत नाही.

खिडक्या उघडा, आणि देवापुढची समई आणि स्वयंपाकघरातला गॅस विझवा. हे मी उगाच लिहीत नाही. आयपीएची वाफ १२ अंशांनासुद्धा पेट घेण्याइतकी निघते, आणि मुंबईत १२ अंश कधी असतं? पंखा फुल नको, नाहीतर फडक्यावरचं सगळं उडून जाईल.

जुन्या सुती बनियनचे तुकडे करा. वीस तरी. एक तुकडा आयपीएमध्ये भिजवून त्या भागावर नुसता पसरा, वर प्लास्टिकची पिशवी झाका आणि पाच-सात मिनिटं सोडून द्या. लोक थेंब टाकून घासत बसतात, आयपीए उडून जातो आणि थर तिथेच. भिजू द्या. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलक्या हाताने ओढा. थर सायीसारखा गोळा होऊन येतो. पुसलेला तुकडा परत वापरायचा नाही. तोच फिरवलात तर तुम्ही फक्त रंगकाम करताय.

शेवटी किंचित चिकट वाटलं तर खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून बोटाने फिरवा आणि ओल्या फडक्याने पुसा. सोडा बारीक खरवडतो आणि उरलेलं शोषून घेतो. पण तो शेवटी, पहिल्यांदा नाही, आणि बटणांच्या फटीजवळ तर नाहीच. सुकला की पांढरा होऊन कायमचा दिसतो.

एक वाईट बातमी. आकडे, कंपनीचं नाव, चिन्हं त्या थरावर छापलेली असतील तर तीही जाणार. आधी फोटो काढून ठेवा.


कांदेपोहे_२० | रविवार, संध्याकाळी ६.४४

काका, घरात कोरोनाच्या वेळचं सॅनिटायझर पाच लिटर पडलंय. ते चालेल?


प्रयोगवही | रविवार, संध्याकाळी ७.०२

काका सांगतीलच, पण त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात १.४५ टक्के. अल्कोहोल उडून जातं, ग्लिसरीन मागे राहतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. चिकटपणा काढायला चिकटपणाच लावल्यासारखं. जेल असेल तर ते दाट करणारा पदार्थही मागे उरतो.


सोल्डरवाला_काका | रविवार, संध्याकाळी ७.१०

ताईंनी सांगितलंच. त्याने स्विचबोर्डही पुसू नका.


जोगेश्वरी_डेक | रविवार, रात्री ९.२०

माझा प्रश्न धाग्याला जोडूनच. कॅसेट डेक आहे, १९८८ चा. बटण दाबलं की मोटरचा आवाज येतो, पण चाकं फिरत नाहीत. उघडला तर बेल्टच्या जागी काळा लगदा. पुलीवर, फ्लायव्हीलवर, चेसिसवर, सगळीकडे. हा कातडं की मांस?


सोल्डरवाला_काका | रविवार, रात्री १०.०५

हे मांस. बेल्ट अख्खाच गेला, त्याला वाचवायचं काही नाही. काढायचा आणि नवा घालायचा. पण काढणं महत्त्वाचं, कारण पुलीच्या खाचेत कणभर जरी डांबर उरलं तरी नवा बेल्ट त्यावर उड्या मारतो आणि लताबाईंचा आवाज थरथरतो.

आयपीए आणि इअरबड. पुलीच्या खाचेसाठी टूथपिकला कापूस. फ्लायव्हील काढता येत असेल तर काढून पुसा. काढताना त्याच्या टोकाला असलेला बारीक वॉशर कुठे गेला ते बघा. मी तो पांढऱ्या पंचावर ठेवायचो. जमिनीवर पडला की गेला.

मापासाठी जुना बेल्ट मोजू नका, तो आता बेल्ट नाही. दोरा घ्या, बेल्ट ज्या रस्त्याने जातो तसा सगळ्या पुलींभोवती फिरवा, लांबी मोजा. नवा बेल्ट त्याहून साधारण ५ ते १० टक्के लहान. फार घट्ट घातला तर मोटरच्या बुशवर ताण येतो, सैल घातला तर घसरतो. काउंटरला फिरवणाऱ्या छोट्या गोल बेल्टसाठी नागदेवी स्ट्रीटला ओ-रिंग मिळतात, पातळ बघून घ्या. पण कॅपस्टनचा, म्हणजे टेपचा वेग धरणाऱ्या दांड्याचा, बेल्ट चपटा असतो, तिथे ओ-रिंगने भागत नाही. तो चपटाच हवा.

आणि पिंच रोलर! टेपला ओढणारं ते छोटं रबरी चाक. त्याचा आजार उलटा, ते चिकट होत नाही, कडक आणि गुळगुळीत होतं. त्यावर आयपीए रोज-रोज नको. आधी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवलेला बड. चकाकी जात नसेल तर चाकच बदला.


जोगेश्वरी_डेक | रविवार, रात्री १०.२०

काका, दंडवत. शनिवारी नागदेवी.


विरार_स्लो | रविवार, रात्री १०.४५

एकच रबर कुठे वितळतं, कुठे दगड होतं, हे काय गौडबंगाल आहे?


प्रयोगवही | सोमवार, सकाळी ७.३०

एकच रबर नसतं, हेच ते गौडबंगाल. 'रबर' हे आडनाव आहे, घरं वेगवेगळी.

नैसर्गिक रबर आधी कच्चं असताना उन्हाळ्यात लिबलिबीत आणि थंडीत ठिसूळ व्हायचं. अमेरिकेत १८३०च्या दशकात रबरी कोट-बुटांचे कारखाने निघाले आणि उन्हाळा लागताच माल वितळून दुकानात परत यायला लागला. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक घालून तापवायची युक्ती शोधली, त्याला आपण व्हल्कनायझेशन म्हणतो. गंधकाने साखळ्यांमध्ये आडवे पूल बांधले. पण हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन या साखळ्या हळूहळू तोडतात किंवा जास्तच बांधतात. साखळ्या तुटल्या तर चिकट, पूल जास्त झाले तर कडक. एकाच रबरबँडमध्ये दोन्ही अवस्था दिसतात: लाइट बिलांच्या गठ्ठ्यावरचा रबरबँड आधी कागदाला चिकटतो आणि मग पुढच्या वर्षी काडीसारखा मोडतो.

आणि तिसरा प्रकार तुम्ही सगळ्यांनी शाळेत पाहिलाय. कंपासपेटीत खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून बसायचं, ओढलं की पट्टीवर त्याचा खड्डा. ते खोडरबर बहुधा पीव्हीसीचं. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात. ते द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि पट्टीचं पॉलिस्टायरीन मऊ करतं. जुन्या चार्जरच्या वायरी चिकट होतात त्या याचमुळे. रेडिओवर वायर गुंडाळून ठेवू नका, वर्षाने तिचा ठसा उमटलेला दिसेल.


तिसरा_मजला | सोमवार, सकाळी ८.१५

कंपासपेटीचं वाचून एकदम पाचवी ब मध्ये गेले. माझ्या पट्टीवर ४ ते ७ सेंटिमीटर गायब होते. भूमितीत त्या भागात रेघ मारायचीच नाही असं ठरलेलं.

अवांतर: टीव्हीच्या रिमोटची रबरी बटणं तेलकट होतात, दाबली तरी लागत नाहीत. तेही हेच का?


सोल्डरवाला_काका | सोमवार, सकाळी ९.००

नाही, रिमोट वेगळा. ती सिलिकॉनची शीट असते. ती वितळत नाही, पण तिच्यातून बारीक तेल सुटतं आणि आतल्या सर्किटवर पसरतं. रिमोट उघडा, शीट भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा. सर्किट आयपीएने पुसा. शीटच्या मागे बटणाखाली काळे ठिपके असतात, ते कार्बनचे, त्यांना नखाने खरवडू नका. तेच बटण आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी एका रिमोटचे ठिपके मीच ब्लेडने 'स्वच्छ' केले होते. मग नवा रिमोट आणून दिला, माझ्या खिशातून.


अर्धी_रिळ | सोमवार, दुपारी १२.१०

ठेवायचं कसं त्यावरही बोला. मी लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) घालून ठेवतो, आर्द्रतामापक ४५ टक्क्यांच्या आसपास. बुरशीही लागत नाही. वास्तविक डब्यापेक्षा जेल वेळेवर वाळवणं महत्त्वाचं. जेल गुलाबी झालं की लोक तसंच ठेवतात, मग तो डबा नुसता दमट डबा. कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळं करायचं. रंगाचं जेल परतलेली कढई स्वयंपाकाला वापरायची नाही, त्या निळ्यात कोबाल्ट असतं.


रोखठोक_भाऊ | सोमवार, दुपारी १२.३०

कपाटात डांबरगोळ्या टाका, काम फत्ते.


प्रयोगवही | सोमवार, दुपारी १.१५

डांबरगोळ्यांनी पाणी शोषलं जात नाही, त्या किड्यांसाठी. नॅप्थलिनच्या वाफेने काही प्लास्टिक, विशेषतः पॉलिस्टायरीन, मऊ पडतं. रेडिओशेजारी नकोतच. आणि हवाबंद डबा फक्त कोरड्या वस्तूसाठी. आधीच चिकट झालेली वस्तू बंद डब्यात ठेवली तर तिनेच सोडलेलं आम्ल तिच्याभोवती कोंडलं जातं. चिकट झालेलं आधी काढा, मग डबा.


रिळंवाला | सोमवार, रात्री ८.५०

एक दुसराच चिकटपणा. आजोबांनी टेप केलेल्या नाट्यसंगीताच्या मैफलींची रिळं आहेत, ७०-८०च्या दशकातली. लावली की किंचाळतात आणि हेडवर तपकिरी चिकटा जमतो. म्हणून लिहितो: वाजवू नका! त्या टेपच्या चुंबकीय पावडरीला धरून ठेवणारा गोंदही पॉलियुरेथेनचाच असतो आणि तोही दमट हवा पितो. वाजवलं की पावडरीसकट गाणं हेडवर उतरतं. यासाठी रिळं साधारण ५४ अंशांवर आठ-दहा तास शेकतात, त्यानंतर काही आठवडे ती नीट वाजतात, तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. घरच्या गॅसच्या ओव्हनमध्ये करायचं काम नाही, तापमान भरकटलं की रिळ गेलं. आणि सगळीच टेप याने आजारी नसते, आधी जाणकाराला दाखवा. मी दाखवली. बारापैकी नऊ रिळं वाचली.


प्रयोगवही | सोमवार, रात्री ९.०५

नऊ वाचली, वा! आणि तपशील अचूक.


दुपारचा_चहा | पुढचा रविवार, दुपारी ४.३०

अपडेट!

आयपीए शुक्रवारी ऑफिसमधून येताना घेतलं. आधी काकांची परीक्षा: सेलच्या झाकणाच्या आतल्या कडेला बड फिरवला, कापूस काळा, खाली राखाडी कडक प्लास्टिक. कातडं! मी एवढी खूश झाले की आई बघायला आली.

काम आज सकाळी साडेनऊला सुरू केलं, संपलं साडेबाराला. बाबांचे बनियन कापले, ते नंतर समजल्यावर थोडं रण झालं. समई विझवण्यावरून आईशीही. पहिला तुकडा मी अधीरपणे दोनच मिनिटांत उचलला आणि काहीच निघालं नाही, मग काकांचं ऐकून सात मिनिटं धरली. साय! अगदी साय. एटीएम कार्डाने ओढताना ती गोळा होत येते आणि खालून दुसराच रेडिओ निघतो. उलट्या जाहिराती पहिल्या फटक्यात गेल्या. बाबा म्हणाले, 'त्या मुलीचं लग्न झालं असेल एव्हाना.'

चुका: वरच्या बाजूला 'चालू-बंद'ची अक्षरं गेली. फोटो काढला होता, पण धूसर. आणि ट्यूनिंगच्या चाकाच्या कडेचं रबर मी कातडं समजून खरवडायला गेले, तर ते नखाखाली दबलं. मांस! लगेच थांबले. ते नुसतं पुसून ठेवलंय, अजून थोडं चिकट आहे, पण हात लागतो तिथेच लागतो. काका, त्याचं काय करू?


सोल्डरवाला_काका | पुढचा रविवार, संध्याकाळी ५.००

शाबास. तिथे थांबलात हेच मोठं काम. चाकाच्या कडेवर पातळ हीट-श्रिंक ट्यूबची एक रिंग बसते का बघा. व्यास चाकापेक्षा थोडा मोठा घ्या, हेअर ड्रायर लांबून धरा, आटून बसेल. ड्रायर रेडिओच्या अंगावर नको, चाक निघत असेल तर काढून करा. नाही जमलं तर तसंच राहू द्या. बाबांना स्टेशन कुठे बदलायचंय?


दुपारचा_चहा | पुढचा रविवार, संध्याकाळी ५.२०

खरंय, सुई ५५८ वरच असते 😀


विरार_स्लो | पुढचा रविवार, संध्याकाळी ५.४०

अभिनंदन ताई! वाचनखूण साठवली. माझी दुर्बीण पुढच्या रविवारी. पावडर-कणीक आधी कशी काढू?


सोल्डरवाला_काका | पुढचा रविवार, संध्याकाळी ५.५५

पावडरीची फिकीर नको, आयपीएने थराबरोबर तीही निघेल. पण दुर्बिणीच्या काचांवर थेंब जाऊ देऊ नका, काचांवरचा लेप वेगळा असतो. काचांना आधी टोप्या घाला. मुठीचं अंग कातडं की मांस ते आधी बघा. दुर्बिणींना बरेचदा जाड रबर असतं.


दुपारचा_चहा | मंगळवार, रात्री ९.१५

एक नवीन तक्रार, बाबांकडून. रेडिओ आता फार गुळगुळीत झालाय, हातातून निसटतो. काल खाटेवरून पडता पडता वाचला. आज ऑफिसमधून आले तर त्यांनी स्वतःच उपाय केलाय. मधोमध दोन जाड रबरबँड. 'आता कसा हातात बसतो बघ.'


सोल्डरवाला_काका | मंगळवार, रात्री ९.१८

रबरबँड काढा. आधी काढा, मग बोलू.


दुपारचा_चहा | मंगळवार, रात्री ९.४०

काढले. आता नाडी बांधली आहे. पायजम्याची, सुती.